राठ केस आणि कोरडी हवा : आठवड्याचे एक साधे न्हाणे

मोहरीची कापणी उरकते, पाठोपाठ गहू खळ्यावर येतो आणि ग्वाल्हेरच्या परिसरात लू वाहू लागते. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्याही वर जातो, दुपारची हवा तव्यावरून आल्यासारखी लागते. याच दिवसांत घरोघरी एक तक्रार ऐकू येते. केस राठ झाले, कंगवा शिरत नाही, काल तेल लावले तरी आज पुन्हा वाळल्या गवतासारखे! कोणी पाण्याला दोष देते, कोणी म्हणते मुलीला दृष्ट लागली, कोणी मजुरीच्या पैशांतून बाजारची महागडी बाटली आणते. काही घरांत तर आई कंटाळून मुलीची वेणीच कापून टाकते आणि मुलगी दोन दिवस शाळेला जात नाही.

वाचकहो, केसांची निगा म्हणजे निव्वळ नटणेमुरडणे असे समजून हा विषय झटकून टाकू नये. राठ केसांचे कारण पुष्कळदा हवेत आणि पाण्यात असते, आणि ते घरच्या घरी सुधारता येते. पण काही वेळा तेच केस शरीरातल्या उणिवेची वर्दी देत असतात. हे दोन प्रकार वेगळे ओळखता यावेत आणि पैसाही वाया जाऊ नये, म्हणून हा लेख.

केस म्हणजे काय?

केसाचे मूळ कातडीच्या आत असते, तेवढेच जिवंत. बाहेर दिसतो तो केस नखासारखाच निर्जीव असतो. तो केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला आहे. केस सुमारे महिन्याला एक सेंटिमीटर वाढतो. म्हणजे दोन फूट लांब वेणीच्या टोकाचा भाग पाच वर्षांपूर्वी डोक्यातून बाहेर आलेला असतो. त्याने पाच उन्हाळे, पाच मळण्या आणि शेकडो न्हाणी सोसलेली असतात. मुळाशी केस मऊ आणि टोकाशी राठ का, याचे उत्तर यातच आहे.

केसाच्या वरच्या बाजूला कौलांसारखी एकावर एक बसलेली बारीक खवली असतात. कौले नीट बसलेली असली की घर गळत नाही. खवली नीट मिटलेली असली की केस चकाकतो आणि आतला ओलावा टिकतो. ऊन, घासणे, ओढून विंचरणे आणि क्षारयुक्त साबण यांनी ही खवली उचकटतात, तुटतात. मग ओलावा भरकन निघून जातो, केस एकमेकांत अडकतात आणि टोकांना फाटे फुटतात. केस निर्जीव असल्यामुळे जखमेसारखा तो आपोआप भरून येत नाही. म्हणून केसांच्या बाबतीत नंतरच्या उपचारापेक्षा आधीची राखण महत्त्वाची.

तेल म्हणजे ओलावा नव्हे

येथेच बहुतेकांची गल्लत होते. केस कोरडा म्हणजे त्यात तेल कमी, असे आपण धरून चालतो. वास्तविक कोरड्या केसात पाणी कमी असते. केस हवेतले पाणी शोषतो आणि हवेला परतही देतो. हवा पार ओली असेल तेव्हा केस आपल्या कोरड्या वजनाच्या सुमारे ३० टक्के पाणी धरू शकतो; लूच्या हवेत याच्या चौथाईइतकेही पाणी त्यात राहत नाही. पाणी शिरले की केस किंचित लांबतो, वाळला की आखडतो. याच गुणाचा उपयोग करून जिनिव्हाचे शास्त्रज्ञ सोस्यूर यांनी माणसाच्या केसाचे आर्द्रतामापक यंत्र बनवले आणि १७८३ साली त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढे कितीतरी वर्षे हवामानाच्या वेधशाळांतून असली केसांची यंत्रे वापरात होती.

यावरून कोकणातल्या पाहुणीचे केस श्रावणात मऊ आणि आपल्याकडे वैशाखात झाडूसारखे का, हे कळेल. तिच्या तेलात जादू नाही, तिच्या हवेत पाणी आहे.

मग तेलाचे काम काय? मातीच्या रांजणाला झाकण असते, तसे. झाकण पाणी निर्माण करत नाही. रांजणात पाणी असेल तर ते उडू देत नाही. सुकलेल्या केसांवर भर दुपारी तेल चोपडणे म्हणजे रिकाम्या रांजणावर झाकण ठेवणे. उलट चिकट केसांवर भुसा आणि धूळ मात्र बसते. म्हणून सूत्र एवढेच ध्यानात ठेवावे : आधी पाणी, मग तेल. ओलसर केसांना थोडे तेल, हे सुक्या केसांना ओंजळभर तेलापेक्षा अधिक गुणकारी असते.

कोणते तेल घ्यावे?

आपल्या भागात मोहरी मुबलक, तीळही पिकतो. मराठी घरांतून मात्र आजीच्या काळापासून खोबरेल तेलाचा आग्रह आहे. याबाबत मुंबईत नीट तपास झालेला आहे. आरती रेळे आणि आर. बी. मोहिले या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफुलाचे आणि खनिज तेल यांची तुलना करून २००३ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. धुण्यापूर्वी किंवा धुतल्यानंतर तेल लावल्यास केसातील प्रथिनाची झीज कमी होते काय, हे त्यांनी पाहिले. तिघांपैकी फक्त खोबरेल तेलाने ही झीज चांगली कमी झाली. कारण असे की खोबरेल तेलातील मुख्य आम्ल, लॉरिक आम्ल, लहान व सरळ साखळीचे आहे; त्यामुळे हे तेल केसाच्या आत शिरते. बाकीची दोन तेले तितकी आत जात नाहीत. हे संशोधक खोबरेल तेल विकणाऱ्या कंपनीत काम करत होते, हेही वाचकांना माहीत असावे.

मोहरीच्या तेलातील मुख्य आम्ल लांब साखळीचे असते, म्हणून ते बहुतांशी वरच राहते. झाकण म्हणून ते चालेल, पण ते जड आणि उग्र असते. काहींची कातडी त्याने चुरचुरते. तिळाचे तेल त्या मानाने सौम्य. घरच्या मोहरीचे तेल काढून आणत असाल तर एक खबरदारी अवश्य घ्यावी. शेतात उगवणाऱ्या पिवळ्या धोत्र्याचे, म्हणजे सत्यानाशीचे, काळे बी मोहरीच्या दाण्यासारखेच दिसते. हे बी मोहरीत मिसळले गेले की तेल विषारी होते. १९९८ साली दिल्लीत अशाच भेसळीच्या तेलाने जलोदरासारख्या सुजेची साथ येऊन माणसे दगावली होती. घाण्यावर नेण्यापूर्वी मोहरी निवडून घ्यावी आणि सत्यानाशीची झाडे फुलावर येण्याआधीच उपटावीत.

खोबरेल तेल सुमारे २४ अंशांखाली गोठते. आपल्या थंडीत बाटलीत त्याचा दगड होतो. ते बिघडले असे समजू नये. बाटली उन्हात किंवा कोमट पाण्यात ठेवावी. विस्तवावर मात्र ठेवू नये.

पाणी आणि साबण

हापशाचे व बोअरचे पाणी पुष्कळ ठिकाणी जड असते. त्यात चुन्याचे आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. डाळ लवकर शिजत नसेल, भांड्याच्या तळाशी पांढरा थर बसत असेल आणि साबणाला फेस येत नसेल, तर तुमचे पाणी जड आहे असे समजावे. अशा पाण्यात साबण वापरला की क्षार व साबण मिळून चिकट पांढरा साका तयार होतो. तो केसांवर बसतो आणि कितीही पाणी ओतले तरी सुटत नाही. केस धुतल्यावरही मेणचट आणि राठ लागतात ते याचमुळे.

कपडे धुण्याचा साबण डोक्याला कधीही लावू नये. अंगाचा साबणही केसांना बरा नव्हे, कारण साबण क्षारधर्मी असतो आणि केसांना सौम्य आंबटपणा मानवतो. क्षाराने खवली उचकटतात, आंबटाने मिटतात. शिकेकाईचे पाणी किंचित आंबट असते. आपल्या आज्यांनी ती उगाच निवडलेली नाही. रिठ्याचा फेस मळ काढतो, शिकेकाई केस मऊ ठेवते, म्हणून दोन्ही मिळून वापरावीत. शाम्पूही वाईट नाही. जड पाण्यात त्याचा साका होत नाही. मात्र तो थेट डोक्यावर न ओतता तांब्याभर पाण्यात मिसळून घ्यावा, म्हणजे थोडा पुरतो आणि केसांना कमी बाधतो.

मुलतानी किंवा काळी माती लावून न्हाण्याची रीत आपल्या भागात आहे. माती तेल शोषून घेते. ज्यांचे केस तेलकट आहेत त्यांनी ती खुशाल वापरावी. ज्यांचे आधीच कोरडे आहेत त्यांनी टाळावी.

जड पाण्याला सोपा उपाय म्हणजे शेवटच्या खळबळण्यापुरते पाणी आदल्या दिवशी उकळून, निवू देऊन, वरचे नितळ पाणी घेणे. क्षारांचा काही भाग तळाशी बसतो. पावसाळ्यात स्वच्छ पत्र्यावरून धरलेले पाणी तर याहून उत्तम.

आठवड्याचा क्रम

शुक्रवारी रात्री तेल आणि शनिवारी न्हाणे, असा क्रम बहुतेक घरांना सोयीचा पडेल. रविवारी मिस्साला जाताना केस विंचरलेले आणि कोरडे असतात. उन्हातान्हात राबणाऱ्यांनी आणखी एक न्हाणे बुधवारी करावे. कोरड्या केसांना रोज साबण किंवा शाम्पू नको.

१. आदल्या रात्री : हात ओले करून केसांवरून फिरवावेत. मग एक-दोन चमचे कोमट खोबरेल तेल मानेपासून टोकापर्यंतच्या केसांना लावावे. टोकांना जास्त, डोक्याच्या कातडीला थोडे. सैल वेणी घालून निजावे. रात्रभर शक्य नसेल तर न्हाण्यापूर्वी दोन तास तरी लावावे.

२. न्हाताना : पाणी कोमट असावे, कढत नको. रिठा-शिकेकाईचे गाळलेले पाणी किंवा पाण्यात मिसळलेला शाम्पू फक्त डोक्याच्या कातडीला बोटांच्या पेरांनी चोळावा, नखांनी नव्हे. खाली वाहणाऱ्या फेसाने लांब केस आपोआप स्वच्छ होतात. त्यांना कपड्यासारखे चुबकू नये.

३. शेवटी : एका तांब्यात चमचाभर लिंबाचा रस घालून केसांवरून ओतावा, मिनिटभराने साध्या पाण्याने धुवावे. साका सुटतो आणि खवली मिटतात. लिंबू अंगावर तसेच ठेवून उन्हात जाऊ नये. कातडी भाजल्यासारखी काळवंडते.

४. पुसताना : पंच्याने केस झोडपण्याची सवय सोडावी. ओला केस सहज ताणला जातो आणि तुटतो. पंचा किंवा जुने मऊ सुती लुगडे गुंडाळून पाणी नुसते टिपून घ्यावे.

५. केस ओलसर असतानाच : चार-पाच थेंब तेल तळहातांवर पसरून टोकांना लावावे. मोठ्या दात्यांच्या कंगव्याने आधी टोकाचा गुंता सोडवावा, मग वर वर जावे. मुळापासून खाली ओढले तर सगळे गुंते एकत्र घट्ट होतात.

६. बाकीचे दिवस : सकाळी ओला हात फिरवून, हवे तर दोन थेंब तेल लावून, सैल वेणी घालावी. शेतावर, खळ्यावर डोक्याला सुती रुमाल किंवा पदर घट्ट घ्यावा. पुरुषांनी गमछा बांधावा. उन्हाने केसाचे प्रथिन खराब होते आणि भुसा खवलींत अडकतो. डोके झाकणे हा सगळ्यांत स्वस्त उपाय आहे.

ज्यांच्या शेतात जवस आहे त्यांनी आणखी एक करून पाहावे. दोन चमचे जवस दीड वाटी पाण्यात मंद आचेवर आठ-दहा मिनिटे उकळावे. अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा चिकट रस झाला की गरम असतानाच फडक्यातून गाळावा. थंड झाल्यावर गळत नाही. हा रस ओलसर केसांना लावला की पातळ पापुद्र्यासारखा बसतो आणि केस फुलत नाहीत. उन्हाळ्यात तो लवकर नासतो, म्हणून एका न्हाण्यापुरताच करावा. कोरफडीचा गर वापरायचा असेल तर पान कापून त्यातला पिवळा चीक आधी निथळू द्यावा. त्याने कातडीला खाज सुटते.

गुण यायला सहा-आठ आठवडे लागतात. फाटे फुटलेली टोके कोणत्याही तेलाने जुळत नाहीत. ती बोटभर कापावीत, बाकीची वेणी राहू द्यावी.

कुरळ्या केसांविषयी

डोक्याच्या कातडीत तेलाच्या बारीक ग्रंथी असतात. सरळ केसावरून हे तेल सहज टोकापर्यंत उतरते. कुरळ्या केसाच्या प्रत्येक वळणावर ते अडते. म्हणून कुरळे केस जन्मजात कोरडे असतात. त्यात त्या मुलीचा किंवा तिच्या आईचा आळस नसतो. कर्नाटकात हल्याळ-यल्लापूरकडे सिद्दी समाज राहतो. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आले आणि त्यांच्यात कॅथलिक कुटुंबेही आहेत. असे दाट कुरळे केस सुके असताना विंचरले तर तुटतात. ओले करून, जवसाचा रस किंवा तेल लावून, बोटांनी किंवा मोठ्या कंगव्याने सोडवले तर सुंदर राहतात. आपल्या घरांतील कुरळ्या केसांच्या मुलांनाही हाच नियम. त्यांना ‘झिपरी’ म्हणून चिडवणे थांबवावे आणि दुसऱ्या मुलांनाही थांबवायला शिकवावे.

शेतातले औषध डोक्याला नको

ही सूचना सगळ्यांत महत्त्वाची आहे. राठ, गुंतलेल्या केसांत उवा झाल्या की काही ठिकाणी पिकावर मारायचे औषध पाण्यात किंवा तेलात मिसळून मुलांच्या डोक्याला लावले जाते. असे कदापि करू नये. डोक्याची कातडी हाताच्या कातडीपेक्षा कितीतरी पट जास्त विष शोषते. मुलाला घाम फुटतो, लाळ गळते, उलट्या होतात, श्वास अडतो आणि काही तासांत प्राण जाऊ शकतो. चुकून असे झाले तर डोके साबणाने भरपूर पाण्यात धुऊन, कपडे बदलून, औषधाचा डबा बरोबर घेऊन ताबडतोब दवाखाना गाठावा. उवांसाठी ओल्या, तेल लावलेल्या केसांतून बारीक दात्यांची फणी दर तीन दिवसांनी फिरवावी, किंवा डॉक्टरांच्या सल्ल्याने पर्मेथ्रिनचे लोशन लावून आठ-दहा दिवसांनी पुन्हा लावावे. घरातल्या सर्वांचे डोके एकाच वेळी तपासावे.

फवारणी करणाऱ्यांनीही डोके झाकून काम करावे आणि घरी आल्याबरोबर केसांसकट न्हावे. त्या दिवशी न्हाण्याला सुट्टी नाही.

तेलाने न भागणारी दुखणी

दिवसाला ५० ते १०० केस गळणे स्वाभाविक आहे. पण पुढील खुणा दिसल्या तर बाटल्या बदलत बसू नये.

लहान मुलाचे केस विरळ, तांबूस आणि ओढताच निघणारे झाले, मूल किरकिरे झाले, पायांवर सूज आली, तर ते प्रथिनांच्या कुपोषणाचे लक्षण असू शकते. अंगणवाडीत वजन करून घ्यावे. गरज पडल्यास पोषण पुनर्वसन केंद्रात दाखल करावे. असल्या मुलाच्या डोक्याला तेल लावून भागत नाही, त्याच्या ताटात डाळ, अंडे, दूध हवे.

बाळंतपणानंतर किंवा टायफॉइडसारख्या मोठ्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी केस मूठमूठ गळतात. घाबरू नये, बहुतेकांचे वर्षाच्या आत परत येतात. पण बाई फिकट दिसत असेल, चढण चढताना धाप लागत असेल, तर रक्त तपासावे. लोह कमी असल्यास गोळ्या पूर्ण मुदतीपर्यंत घ्याव्यात. डाळी, हरभरे, पालेभाज्या खाताना त्यावर लिंबू पिळावे किंवा आवळा खावा, आणि जेवणाबरोबर चहा टाळावा. लिंबाने लोह अंगी लागते, चहाने अडते.

केस राठ होण्याबरोबर सतत थकवा, थंडी सहन न होणे आणि कारण नसता वजन वाढणे असेल, तर थायरॉइडची तपासणी करावी.

डोक्यात गोल चट्टा पडून केस तुटत असतील, खवले येत असतील, तर मुलांमध्ये तो बहुधा गजकर्ण असतो. त्याला नुसते मलम पुरत नाही, पोटातून औषध लागते. तोवर त्या मुलाचा कंगवा, टोपी, पंचा वेगळा ठेवावा.

कोंडा म्हणजे कोरडेपणा असे समजून जास्त तेल लावू नये. कोंड्याची बुरशी डोक्याच्या तेलावरच पोसते. केटोकोनॅझोलचा शाम्पू पाच मिनिटे ठेवून धुवावा, आणि तेल फक्त लांब केसांना लावावे.

या दुखण्यांसाठी आधी जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. तेथे भागले नाही तर ग्वाल्हेरच्या जयारोग्य रुग्णालयात चर्मरोगाच्या डॉक्टरांना दाखवावे.

सारांश, केसांना लागते ते थोडे : आठवड्यातून एक-दोन सौम्य न्हाणी, आधी पाणी आणि मग चार थेंब तेल, हलका हात आणि डोक्यावर पदर. बाजारच्या बाटलीचे जे पैसे वाचतील त्यांची डाळ आणि अंडी आणावीत. त्याने मुलांच्या केसांबरोबर त्यांचे रक्तही सुधारेल.